आजीचा चांदीचा तांब्या-भांडं: मोडीत घालायचं की ठेवायचं?

मंजिरी_नौपाडा (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला चालली आहे, म्हणून घर रिकामं करतोय. आजीच्या कपाटात सगळ्यात खाली, जुन्या सुती लुगड्याच्या घडीत गुंडाळलेला चांदीचा तांब्या सापडला, त्यावर पालथं घातलेलं भांडं. लहानपणी सणावारी पाहिला होता, त्यानंतर कधी बाहेर निघाला नव्हता. याशिवाय आईच्या वेळची, दुकानातून घेतलेली ताट-वाट्याही आहेत. दादाचं म्हणणं, सगळं एकदम मोडीत घालू, तीन वाटे करू, कोणाला राग-रुसवा नको. ताईची हरकत नाही. हिशेबाने दादाचं बरोबर आहे हे मलाही कळतं, पण तांब्या हातात घेतला की जीव होत नाही.

तांब्याचं पोट अगदी गोल नाही, खालच्या बाजूला जरा दबलेलं, बसकं आहे. गळ्याखाली बोटभर रुंदीची वेलबुट्टी आहे, एक पान दुसऱ्यासारखं नाही. भांड्याला नक्षी नाही, फक्त काठ बाहेर वळलेला. बुडाशी टिंबाटिंबांनी 'सौ. रमा' असं नाव घातलंय. रमा म्हणजे आजीची सासू. तांब्याच्या पोटावर अंगठ्याएवढा पोचा आहे. आजी नेहमी म्हणायची, "पंचविसांचा तांब्या नि आठांचं भांडं." आम्ही समजायचो तेवढ्या रुपयांना घेतलं असेल.

तर विचारायचंय: हे कसं घडवलं असेल, किती जुनं असेल, पोचा काढून घ्यावा का, आणि मुख्य म्हणजे दादाला काय सांगू?

वाशीकर_सेक्टर९

ताई, स्पष्ट लिहितो, राग मानू नका. चांदी ही आपल्याकडे अडीनडीची ठेवच होती. दुष्काळात, आजारपणात, मुलीच्या लग्नात आपल्या पणज्यांनीच भांडी मोडली आणि बरे दिवस आल्यावर पुन्हा घडवली. माझ्या वडिलांच्या इंजिनिअरिंगची पहिली फी आजीच्या चांदीच्या ताटातून भरली गेली. त्या ताटाचं याहून चांगलं काय झालं असतं? लॉकरचं भाडं भरत वस्तू अंधारात ठेवण्यापेक्षा तीन भावंडांच्या कामी आली तर आजीला आनंदच होईल.

खाडीकाठची_मीनल

पालथं घातलेलं भांडं वाचूनच आजोळची ओसरी आठवली. पाहुणा आला की आधी गूळ-पाणी, तांब्यावर भांडं तसंच पालथं. फोटो टाका ना!

हातोडी_कळवा

मंजिरीताई, मी चांदीकाम करणाऱ्या घरातला. वडील आणि काका भांडी घडवायचे, मी बारा वर्षं केलं, आता दुसरी नोकरी करतो. ठोकून घडवलेलं आणि यंत्रावर दाबून केलेलं भांडं कसं ओळखायचं ते सांगतो. घरी बसून बघता येईल.

पहिलं, भांडं दिव्याखाली तिरकं धरा आणि आत बघा. लेथवर फिरवून केलेल्या भांड्याच्या आत बारीक, एकसारख्या गोल रेघा दिसतात, ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या. हाताने ठोकलेल्याच्या आत छोटे छोटे सपाट ठोके दिसतात, एकाला एक लागून. तांबट लोक यालाच मठारणं म्हणतात. ते नुसत्या शोभेसाठी नसतं. शेवटच्या हलक्या ठोक्यांनी पत्रा सारखा होतो आणि कडक होतो.

दुसरं, बुडाच्या बरोबर मधोमध बारीक खड्डा आहे का पाहा. कंपासचं टोक टेकवलेली ती जागा. तिथूनच गोल चकती आखतात आणि घडवताना सगळी मापं तिथूनच धरतात.

तिसरं, भांड्यावर 'हा' करून तोंडाची वाफ सोडा. कुठे डाख दिला असेल, म्हणजे धातू वितळवून सांधा जोडला असेल, तर ओल धरलेल्या जागी ती रेघ क्षणभर वेगळी दिसते. उघड्या डोळ्यांना एरवी न दिसणारा सांधाही वाफ दाखवते.

घडवायची रीत अशी. चकती घ्यायची, ऐरणीवर धरून कडेने गोल गोल ठोकत आत आणायची. एक फेरा झाला की चांदी आडमुठी होते, पुढे ठोकली तर फाटते. मग तापवायची. तापवताना आमचे काका दुकानाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसायचे, कारण चांदीवर येणारी मंद लाल झाक उजेडात दिसत नाही. ती दिसली की आच काढायची, एक क्षण उशीर झाला तर काठ वितळतो. मग पाण्यात, नंतर तुरटीच्या पाण्यात उकळून काळेपणा काढायचा, पुन्हा फेरा. एका भांड्याला असे किती फेरे लागतील ते घाटावर ठरतं. तांब्याला जास्त, कारण पोट फुगवून पुन्हा गळा आत घ्यायचा असतो.

मंजिरी_नौपाडा

@हातोडी_कळवा, आत्ताच टॉर्च घेऊन बसले होते! भांड्याच्या आत ठोके आहेत, अगदी माशाच्या खवल्यांसारखे. बुडाला मध्यभागी टिंब आहे, इतकी वर्षं मी ते नावाचाच भाग समजत होते. वाफेने भांड्यावर काही दिसलं नाही, तांब्याच्या गळ्यापाशी मात्र एक गोल रेघ आली आणि गेली. तीन वेळा करून पाहिलं. आईच्या वाट्यांच्या आत मात्र तुम्ही म्हणता तशा गोल रेघा.

हातोडी_कळवा

म्हणजे भांडं एकाच चकतीतून उठवलंय आणि तांब्याचा काठ वेगळा करून गळ्याला डाखलाय. वाट्या यंत्रावरच्या. त्यांत वाईट काही नाही, पण तशा आजही हव्या तेवढ्या मिळतात.

घाटदार

सीवूड्सहून लिहितोय, व्यवसायाने वस्तूंचा डिझायनर आहे. नक्षीकडे सगळ्यांचं लक्ष जातं, मला मात्र त्या बसक्या पोटाबद्दल आणि वळलेल्या काठाबद्दल बोलायचंय.

आपल्याकडे भांडं ओठाला न लावता वरून पाणी पिण्याची रीत होती. कोणाचं उष्टं कोणाला लागायला नको. मग धार कशी पडते हे महत्त्वाचं. फुलपात्राचा काठ बाहेर वळलेला असतो म्हणून धार एकवट पडते, बाहेरून ओघळून मनगटावर येत नाही. तांब्याचा गळा अरुंद, म्हणजे ओल्या हाताच्या बोटांत धरला तरी निसटत नाही. पोट खाली दबलेलं, म्हणजे वजन खाली, शेणाने सारवलेल्या उंचसखल जमिनीवर कलंडत नाही. आणि भांड्याचं तोंड तांब्यावर पालथं नेमकं बसेल एवढंच. तेच झाकण, तोच पेला. प्रवासात एका हातात दोन्ही.

१९५८ मध्ये चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी भारतात पाहिलेल्या सगळ्या वस्तूंमध्ये साध्या लोट्याचं सर्वांत जास्त कौतुक केलंय: हाताची पकड, डोक्यावर किंवा कमरेवर न्यायची सोय, ओतणं, घासणं, किती पाणी मावतं, सगळ्याचा विचार एका आकारात. पुढे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली ती त्या अहवालाच्या शिफारशीतून. तुमच्या घरच्या तांब्यात तोच विचार चांदीत उतरलाय. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे, तांब्या एकाकडे आणि भांडं दुसऱ्याकडे अशी वाटणीही करू नका.

शब्बाथ_टेंभीनाका

किती छान धागा! आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, ठाण्याचं आमचं प्रार्थनास्थळ १८७९ सालचं. आमच्या घरी किद्दूशचा चांदीचा प्याला आहे. शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागले की घरातला कर्ता माणूस तो काठोकाठ भरून हातात धरतो आणि आशीर्वाद म्हणतो. द्राक्षारसाऐवजी आमच्याकडे मनुका भिजवून केलेलं सरबत असतं, कोकणातल्या आमच्या पूर्वजांपासून चालत आलेलं.

त्या प्याल्याला मापाचा नियम आहे. किमान एक 'रविईत' मावलं पाहिजे, म्हणजे एका मताप्रमाणे साधारण ८६ मिलिलिटर, काही जण त्याहून जास्त धरतात. शिवाय प्याला धड हवा, काठ तुटका किंवा गळका चालत नाही. आमच्या प्याल्याच्या बुडाशी पणजोबांचं नाव देवनागरीतच आहे, मंजिरीताईंकडे आहे तसंच टिंबाटिंबांनी. प्याला आतून सोनेरी आहे. आई सांगायची, आंबट रसाने चांदीला डाग पडू नयेत म्हणून आत सोन्याचा मुलामा देतात. तो आता तळाशीच उरलाय, कडेने बोटं आणि ओठ लागून झिजला.

जुनं_ते

चर्चमधल्या चषकांनाही याच कारणाने आतून मुलामा असतो. आंबट पदार्थ आणि मीठ चांदीला बाधतं.

जुनी चांदी म्हटली की लोक शिक्के शोधतात, म्हणून एक अनुभव सांगतो. आजोबांना खेळात मिळालेला मोठा दांडीचा पेला आमच्याकडे आहे. खाली चार शिक्के, सगळे म्हणायचे विलायती चांदी. भिंगाने पाहिलं तर कोरीव वळणाच्या अक्षरांत ई, पी, एन, एस. म्हणजे जर्मन सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा पातळ थर. ही रीत इंग्लंडमध्ये एल्किंग्टन यांच्या १८४० च्या पेटंटनंतर पसरली. जर्मन सिल्व्हरमध्ये तांबं, निकेल आणि जस्त असतं, चांदी मुळीच नसते. खऱ्या इंग्लिश चांदीवर चालणारा सिंह असतो, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड असेल तर लंडन आणि एका अक्षरावरून साल काढता येतं.

आपल्याकडच्या घरगुती भांड्यांवर बहुधा शिक्के नसतात. साहेबांसाठी काम करणाऱ्या मोजक्या कारागिरांनी ते मारले. भुजच्या ओमरसी मावजींचा 'ओ. एम. भुज' हा त्यात सर्वांत नावाजलेला. त्यांच्या पेल्यांवर वेली इतक्या दाट की बोटाच्या टोकाएवढी जागाही मोकळी नाही.

नेरूळची_सून

आमच्या सासूबाई म्हणतात, चांदीच्या भांड्यातून पाणी प्यायलं की डोकं थंड राहतं. दहावीचा निकाल लागेपर्यंत घरात सगळ्यांसाठी एकेक पेला घ्यावा म्हणते! 😀

रसायन_ऐरोली

सासूबाईंच्या म्हणण्याला थोडा आधार आहे बरं. चांदी उष्णता सगळ्या धातूंपेक्षा जास्त वाहून नेते, तांब्यापेक्षाही. गार पाणी ओतलं की भांडं त्याच क्षणी गार लागतं, आणि गरम दूध ओतलं तर धरवत नाही. पाणी चांदीत टिकतं हेही फार जुनं निरीक्षण आहे. हिरोडोटस लिहितो की इराणचा राजा मोहिमेवर जाताना नदीचं उकळलेलं पाणी चांदीच्या भांड्यांतून गाड्यांवर लादून नेत असे. म्हणून चांदीत ठेवलं की कसलंही पाणी शुद्ध होतं असं मात्र धरू नका, पाणी उकळा किंवा गाळा.

आता काळेपणा. तो चांदीचा गंज नाही, चांदी आणि गंधक यांचा संयोग आहे. ओहोटीला खाडीच्या चिखलाचा जो वास येतो त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो, म्हणून खाडीजवळच्या घरांत चांदी लवकर काळवंडते. अंडं, कांदा, लोकर आणि रबरबँड हेही शत्रू. डब्यात रबरबँड लावून ठेवलेल्या वाटीवर मी स्वतः काळा पट्टा उमटलेला पाहिलाय. आजीने धुतलेल्या सुती लुगड्यात गुंडाळला तेच योग्य.

अ‍ॅल्युमिनियमची फॉईल, गरम पाणी, खायचा सोडा हा उपाय खरा आहे, गंधक चांदीला सोडून अ‍ॅल्युमिनियमकडे जातं. पण नक्षीच्या भांड्याला तो करू नका. खोलगट जागेतली काळी छटाच तर वेलबुट्टी उठून दाखवते. ती गेली की पानं सपाट, मेल्यासारखी दिसतात. आणि रांगोळीने घासणं तर कायमचं बंद करा. मंजिरीताई, नावाची टिंबं बोटाला लागतात का? लागत नसतील तर तीन पिढ्यांच्या घासण्याने ती अर्धी गेली आहेत.

मंजिरी_नौपाडा

'सौ.' जेमतेम दिसतं, 'रमा' लागतं. आजी दिवाळीच्या आधी रांगोळी आणि लिंबू घेऊन बसायची, मी शेजारी बसून कापडाने पुसायचे. तेव्हा वाटायचं किती छान चमकतंय.

नाणेघाट

'पंचविसांचा तांब्या, आठांचं भांडं' हे कोणी धरलंच नाही! ताई, ही किंमत नसावी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही तोला आणि आकडे लिहा.

मंजिरी_नौपाडा

तांब्या २८८ ग्रॅम, भांडं ९२.

नाणेघाट

वाटलंच. राणीछाप रुपयाचं वजन एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. पंचवीस रुपये २९१.५ ग्रॅम, आठ रुपये ९३.३. कानशीची घट आणि इतक्या वर्षांची रांगोळी धरली तर बरोबर जुळतंय. चांदी 'भारा'वर मोजायचे, आणि भार म्हणजे एका रुपयाचं वजन. बहुतेक घरांत तराजूच्या दुसऱ्या पारड्यात रुपयेच टाकत.

हातोडी_कळवा

रुपये नुसते पारड्यातच नाही, मुशीतही जायचे. गिऱ्हाईक कलदार रुपये मोजून द्यायचं, कारागीर समोर आटवायचा, म्हणजे भेसळीचा संशय नको. आजोबांकडून ऐकलेलं.

नाणेघाट

@हातोडी_कळवा, ती प्रथा खरी, पण एक अट आहे. १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी बंद केल्या, म्हणजे कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घ्यायची सोय संपली. त्यानंतर बराच काळ रुपयातल्या चांदीची बाजारातली किंमत एक रुपयाहून चांगलीच कमी होती. तेव्हा रुपया आटवणं म्हणजे तोटा. म्हणून नाणी आटवून केला असेल तर १८९३ च्या आधीचा असण्याची शक्यता जास्त, नाहीतर बाजारातली चांदी घेऊन फक्त वजन रुपयाने केलेलं. ताई, रमाबाईंचं लग्न साधारण कधीचं?

रुपयाची चांदी हजारात साधारण ९१७ होती. @रसायन_ऐरोली, घरच्या घरी अंदाज काढता येईल का?

रसायन_ऐरोली

येईल. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा हवा. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा. मग भांडं दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असं लटकवायचं, तळाला-कडेला टेकू द्यायचं नाही आणि आत बुडबुडा अडकू द्यायचा नाही. जो आकडा येईल त्याने कोरडं वजन भागायचं. चोख चांदी १०.५ च्या जवळ, रुपयाची चांदी १०.३ च्या आसपास, जर्मन सिल्व्हर साडेआठ-पावणेनऊ. ८०० ची चांदी आणि ९१७ ची यांत फरक फार थोडा, त्यामुळे खात्रीचा निकाल तपासणी केंद्रातच.

वाशीकर_सेक्टर९

मोडीत घालायचं ठरलंच तरी हे वजन आणि हा आकडा घेऊनच जा. आमच्या वेळी एका दुकानात नुसतं दगडावर घासून "सत्तर टक्के" म्हणाले आणि आम्ही मान डोलावली. त्याच जोडीतली दुसरी वाटी पुढे तपासून घेतली तर ९० च्या वर निघाली.

कोपरीचा_केदार

थोडं वेगळं. जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये चांदीचे दोन प्रचंड गंगाजलाचे रांजण आहेत. सवाई माधोसिंह दुसरे १९०२ मध्ये एडवर्ड सातव्याच्या राज्याभिषेकाला इंग्लंडला निघाले तेव्हा प्यायला गंगाजल हवं म्हणून त्यांतून नेलं. एकेकाचं वजन ३४५ किलो, चांदीची नाणी आटवून घडवलेले, आणि डाखाशिवाय. समोर उभा राहिलो तेव्हा भव्यतेने दिपलो, हातोडी कुठे कशी धरली असेल हे मनातही आलं नाही. हा धागा वाचून पुन्हा जावंसं वाटतंय.

माझाही प्रश्न: बहिणीला आजीचा गडू न्यू जर्सीला न्यायचाय, चालेल का?

जुनं_ते

आधी वय तपासा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर किंवा जास्त वर्षांची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरते आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. वय कमी असेल तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घेऊन न्यावी.

मंजिरी_नौपाडा (पुढचा रविवार, दुपारी ४:१०)

उशीर झाला, सामान हलवत होतो. भाच्याच्या कॉलेजमधल्या मित्राकडून काटा आणला. भांडं पाण्यात ८.९ आलं. ९२ भागिले ८.९ म्हणजे १०.३. चार वेळा केलं, एकदा ८.८ आलं. पणजीचं लग्न १९०० च्या पुढचं, म्हणजे नाणेघाट यांच्या हिशेबाने रुपये आटवले नसावेत. पण तांब्या तिच्या सासूकडून आलेला असू शकतो, नाव नंतर घालता येतंच ना? भांड्यावरचं नाव मध्यबिंदूला टेकून, जरा तिरकं आहे. घडवतानाच घातलं असतं तर असं घातलं नसतं असं मला वाटतंय.

आज दादा खारघरहून आला होता. मी काही बोलले नाही, टॉर्च हातात दिला. त्याने वाफ सोडून गळ्यावरची रेघ स्वतः पाहिली. मग भांडं तांब्यावर पालथं ठेवलं. ते बसताना एक बारीकसा आवाज येतो. तो म्हणाला, "रात्री आजी पाणी घेऊन उशाशी ठेवायची तेव्हा हाच आवाज यायचा." मला आठवत नव्हतं. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा.

आईचं ताट आणि वाट्या मोडीत घालून तीन वाटे करायचं ठरलं. तांब्या-भांडं त्यात नाही. वर्षभर एकेकाकडे राहील, पहिलं वर्ष ताईकडे नाशिकला. वाशीकर, तुमच्या वडिलांच्या फीची गोष्ट दादाला वाचून दाखवली. तो म्हणाला, तशी वेळ आली तर आपणही मोडू, आज आलेली नाही.

राहिला पोचा. दादाला तो काढून हवाय.

हातोडी_कळवा

नका काढू, ताई. अरुंद गळ्यातून हातोडी आत जात नाही. एक लांब वाकडी सळई ठोकळ्यात पक्की करतात, तिचं दुसरं टोक आत पोच्याखाली धरतात आणि बाहेर राहिलेल्या सळईवर ठोका मारतात. सळई थरथरते आणि तिचं टोक आतून चांदीला ढकलतं. वेलीचा उठावही याच सळईने आतून उचलतात, मग पोटात राळ भरून बाहेरून ठशांनी पानं कोरतात. काम जमणारा माणूस असेल तर पोचा निघेल, पण जुनी चांदी कडक झालेली असते, चीर जाऊ शकते. आणि पोचा काढला की दुकानदार चकाकी देणारच, त्यात पानांच्या कडा जातील. पोचा वेलबुट्टीपासून किती लांब आहे?

मंजिरी_नौपाडा

दोन बोटं.

हातोडी_कळवा

मग राहू द्या. गळत नाही ना, पाणी भरा आणि वापरा. कोमट पाणी, मऊ साबण, लगेच सुती कापडाने कोरडं करायचं.

खाडीकाठची_मीनल

आमच्याकडे एक बोंडलं निघालंय, आईला त्याच्यातूनच दूध पाजलं होतं. चोचीच्या मुळाशी वाफेने रेघ दिसते, आणि चोच किंचित हलते. डाख सुटलाय का?

हातोडी_कळवा

हो. त्यात काही घालू नका, चोच वर करून ठेवा आणि फोटो पाठवा. हे मात्र दुरुस्त करायलाच हवं.